गाळणीचा दसरा

घोडेगावच्या दरंदल्यांच्या घरात शेणाला हात न लावणारी पोर जन्मली, ही गोष्ट तिथल्या जनावरांच्या बाजाराला येणाऱ्या परगावच्या माणसांनासुद्धा ठाऊक होती. बाप गहिनीनाथ बैलांचा पारखी. जनावराच्या जबड्यात हात घालून दात बघायचा, तोच हात धोतराला पुसून भाकरी मोडायचा. विजयमाला आपलं ताट उचलून पडवीत जायची. म्हशीची लाळ, पेंडीचं आंबलेलं पाणी, कासेला लागलेल्या गोचिड्या, परसातल्या डबक्यातलं शेवाळ, सगळ्याचीच तिला शिसारी. चहावर साय धरली तरी कप खाली ठेवायची.

"माले, आगं शेन हाय ते! शेन म्हंजे लक्ष्मी," आई रंगुबाई कपाळाला हात लावायची. "आन् तुला वकारी येती? सासरी काय नाकाला फडकं बांधून नांदशील?"

"सासरीच जाणार नाही," विजयमाला म्हणायची.

गोवऱ्या थापायच्या नाहीत म्हणून तिनं अभ्यास केला, हे तिचंच म्हणणं. नगरला कॉलेज झालं, पुण्याला पदवी झाली. विषय मिळाला तो मात्र सूक्ष्मजंतूंचा. पहिल्याच दिवशी सरांनी वर्गाबाहेरच्या माठातलं थेंबभर पाणी सूक्ष्मदर्शकाखाली ठेवलं आणि म्हणाले, "या, बघून जा आपण काय पितो ते." मुलं हसत हसत बघून आली. विजयमाला बघून आली आणि तिनं त्या दिवसापासून न उकळलेलं पाणी तोंडाला लावलं नाही. आधी तिला दिसणाऱ्या घाणीची किळस होती. आता न दिसणाऱ्या घाणीचीही आली.

शेवगावकडच्या एका सहकारी साखर कारखान्यात तिला केमिस्टची नोकरी लागली तेव्हा वाटलं, चला, पांढरी साखर, काचेच्या नळ्या, स्वच्छ काम. चेअरमन आप्पासाहेब चांगला माणूस, पण त्यांच्या डोक्यात कामांच्या वाटण्या पक्क्या होत्या.

"रसाकडं पोरं हायेत बाई," ते म्हणाले. "तुमी पान्याचं बघा. पानी म्हंजे बायामानसांचंच काम, न्हाई का?"

त्या पहिल्या हंगामात पाणी म्हणजे कालव्याच्या तलावातलं, जसं येईल तसं. ऊसतोडणीच्या टोळ्यांच्या कोप्या तलावाच्या काठाला. पाचटाच्या त्या झोपड्यांत उलट्या-जुलाब सुरू झाले आणि लेकरं हातोहात गेली. पाथर्डीकडून आलेल्या लंकाबाईची एकुलती एक पोर त्यातच गेली. हंगाम संपला, टोळी माघारी निघाली, नवऱ्यानं कोयता खांद्यावर टाकला. लंकाबाई गाडीत चढली नाही. "माझी पोर हितं हाय, मी हितंच ऱ्हाती," एवढंच म्हणाली.

विजयमालानं त्या उन्हाळ्यात आप्पासाहेबांच्या मागं लागून वाळूची गाळणी बांधून घेतली. दोन मोठे उघडे हौद. तळाला गोटे, वर खडी, वर कमरेइतकी बारीक वाळू. तलावाचं पाणी वर सोडायचं, ते आपल्या गतीनं झिरपत खाली यायचं आणि तोटीतून बाहेर. देखभालीला रोजंदारीवर लंकाबाई.

यात तिच्या नशिबाची थट्टा अशी, की हे पाणी नुसत्या वाळूनं शुद्ध होत नाही. दोन-चार आठवडे गेले की वाळूवर एक थर धरतो. हिरवट, तपकिरी, शेंबडासारखा बुळबुळीत. त्यात अब्जावधी जंतू, त्यांना खाणारे दुसरे जीव, त्यांनाही खाणाऱ्या केसाएवढ्या अळ्या. रोग पसरवणारं जे काही पाण्यातून येतं, ते ही साय गिळून टाकते. थर फार जाड झाला की पाणी अडतं, तेव्हा वरचं नखभर खरवडायचं. तेही एका वेळी एकाच हौदाचं, आणि नवी साय धरेपर्यंत त्या हौदाचं पाणी कोणाला द्यायचं नाही. विजयमाला हे सगळं इंग्रजीत फाडफाड सांगू शकायची. मराठीत तिनं ते कोणाला सांगितलं नव्हतं. हे पाणी अळ्यांमधून गाळून येतंय, असं कळलं असतं तर एकाही बाईनं कळशी भरली नसती. आणि खरं सांगायचं तर तो शब्द तोंडात घेतला की तिलाच मळमळायचं.

म्हणून लंकाबाईला ती एवढंच सांगायची, "वरची घाण नखभर काढ. एकाच हौदाची. आणि लांब नेऊन टाक, मला दाखवू नको." स्वतः काठावर उभी राहून, पदर नाकाला लावून बघायची. नमुना घ्यायचा असला तर लांब दांड्याचा चमचा. लंकाबाई हसायची. "बाई, तुमी त्या तिकडं जाऊन हुबा ऱ्हावा. मी हाय."

मग बहात्तर साल आलं. तलावात हिरवं पिठलं उरलं होतं. पण गाळणीखालून पाणी येत होतं ते निर्मळ, आणि त्या वर्षी कोप्यांतलं एकही लेकरू दगावलं नाही. लंकाबाई रोज संध्याकाळी हौदाच्या कट्ट्याला हळदकुंकू लावू लागली. विजयमाला ते ओल्या फडक्यानं पुसून टाकायची. कुंकू पाण्यात उतरतं म्हणून.

दुसऱ्या वर्षी पाऊस बरा झाला. पितृपक्षात पुण्याला एक आंतरराष्ट्रीय परिषद भरणार होती. पाणी शुद्ध करण्याच्या कामात सूक्ष्मजीव एकमेकांच्या संगतीनं कसे राहतात, हा विषय. जुन्या सरांनी विजयमालाचा निबंध पुढं केला, तो घेतला गेला. शिवाय शेवटच्या दिवशी पाहुण्यांना खेड्यातली स्वस्तातली गाळणी दाखवायची ठरली, ती हिची. आप्पासाहेबांनी ही बातमी सभेत दोनदा सांगितली.

"माले, गोरी मानसं येनार?" रंगुबाईनं विचारलं. ती आता लेकीपाशी कारखान्याच्या कॉलनीतच राहायची. "आन् अमुश्येला? बरं बाई, दुसऱ्या दिवशी घट हायेत. घराचा दसरा तरी काढून ठिवते, समदं धुऊन-पुसून."

"घराचा काढ. गाळणीकडं मात्र कोणी फिरकायचं नाही," विजयमाला म्हणाली आणि एसटीत बसली. हे ती आईला म्हणाली. लंकाबाईला सांगायचं राहिलं. तिला वाटलं, लंकाबाईला काय सांगायचं, तिला सगळं माहीत आहे.

पुण्याच्या त्या मोठ्या सभागृहाच्या दारातच एका स्वयंसेवकानं तिच्या पदराला गुलाबी फीत लावली.

"मॅडम, बस त्या बाजूला. लक्ष्मी रोड, मग सारसबाग. तुमचे मिस्टर कुठल्या गटात आहेत?"

"माझे मिस्टर नाहीत. मी निबंध वाचायला आलेय."

"अरे! पण गुलाबी फीत लेडीज प्रोग्रॅमची आहे," तो म्हणाला, जणू चूक फितीची नसून हिची होती. पुरुषांच्या निळ्या फिती संपल्या होत्या. तीन दिवस ती गुलाबी फितीत फिरली आणि तीन दिवस कोणी ना कोणी तिला साड्यांच्या बसकडं वळवत राहिलं.

आत बसल्यावर तिच्या नजरेला पडले ते पेले. वेटर एका खेपेला चार पेले आणायचा, चार बोटं चार पेल्यांत बुडवून. नखं काळी. मधेच त्याच हातानं तो मान खाजवायचा, पुन्हा बोटं पेल्यांत. आणि जगभरातून आलेले पाण्याचे जाणकार, ज्यांच्या नावांपुढं अर्धी ओळ पदव्या होत्या, ते पेले उचलून घटाघटा पीत होते. भिंतीवर पडद्यावर जंतूंची चित्रं, आणि समोर जंतूंची खरी मिरवणूक. विजयमालानं पिशवीतली आपली उकळलेल्या पाण्याची बाटली मांडीवर घट्ट धरली.

दिल्लीहून आलेले एक मोठे अधिकारी भाषणाआधी बेसिनवर गेले. घसा असा खाकरला की व्हरांड्यातली कबुतरं उडाली. थुंकले, चूळ भरली, ती कुंडीतल्या रोपावर सोडली, हात पडद्याला पुसले आणि व्यासपीठावर जाऊन म्हणाले, "जलशुद्धी ही भारताची प्राचीन परंपरा आहे." टाळ्या पडल्या. जेवणाच्या वेळी तर बघवेना. भरल्या ताटाला दोन घास लावून लोक ते तसंच ठेवत होते, त्यात सिगारेटी विझवत होते. गेल्या वर्षी याच दिवसांत तिच्या कारखान्याच्या रस्त्यावर बाया दुष्काळी कामावर खडी फोडून सरकारी सुकडीच्या पिठाच्या एका वाटीसाठी उभ्या होत्या. तिला भातात उभं खोचलेलं ते सिगारेटचं थोटूक दिसलं आणि तिनं पानच सरकवलं.

पण सगळ्यात जास्त अंगावर आलं ते अंधार करून दाखवलेल्या रंगीत चित्रांचं सत्र. तिचीच ती साय, भिंतभर मोठी केलेली. चमकणारी, ओघळणारी, तिच्यात वळवळणारी तोंडं, सोंडा, शेपट्या. आणि ही माणसं काजू चघळत, लेकराच्या जावळाबद्दल बोलावं तशा मायेनं बोलत होती तिच्याबद्दल. ही कोणाला खाते, ती कोणाच्या आडोशानं राहते, एक मेली की दुसरी कशी खचते. विजयमालाला दोनदा बाहेर जाऊन मोकळा श्वास घ्यावा लागला. दुसऱ्यांदा बाहेर उभी असताना तिच्या मनात आलं, की आपल्या गाळणीविषयी आपण असं प्रेमानं कधी कोणाशी बोललोच नाही. लगेच तिनं तो विचार झटकला. प्रेम? त्या शेंबडाशी?

तिचा निबंध जेवणानंतर ठेवला होता. पुढच्या रांगेतले एक गृहस्थ काडीनं दात कोरत होते आणि काडीवर काय आलं ते निरखून बघत होते. वेळ संपायच्या आत अध्यक्षांनी घंटी वाजवली. प्रश्न आला तो एकच. हॉलंडचे म्हातारे डॉ. ब्राकमन उभे राहिले. उंच, कानांतून केस आलेले. तपकिरीनं माखलेला रुमाल त्यांनी नाकाला लावून शिंकरला, घडी केली आणि परत कोटाच्या खिशात ठेवला. विजयमालानं मान फिरवली. ही माणसं शेंबूड खिशात बाळगतात!

"बाई," ते इंग्रजीत म्हणाले, "आकडे छान आहेत. तुमच्या सायीला वास कसला येतो?"

विजयमाला गडबडली. खरं तेच तोंडातून गेलं. "मी श्वास रोखून धरते, सर."

सभागृह हसलं. म्हातारा हसला नाही. "मी परवा येतोय ना," तो म्हणाला, "तेव्हा मी घेईन. जिवंत सायीला जंगलातल्या मातीचा वास येतो. मेलेलीला सडका. आणि साय नसेलच तर कसलाच नाही. तो सगळ्यात वाईट."

तिसऱ्या दिवशी वेटरच्या बोटांनी आपलं काम चोख बजावलं. चौथ्या दिवशी पाहुण्यांची बस नगरकडं निघाली तेव्हा निम्मे लोक पिवळे पडले होते. शिरूर ओलांडलं आणि सुप्याच्या अलीकडं बस दोनदा थांबवावी लागली. जगातले पाण्याचे जाणकार पँट सावरत एरंडाच्या आडोशाला पळत होते. दिल्लीचे अधिकारी खिडकीतून ओकले ते मागच्या खिडकीत बसलेल्या एका जपानी गृहस्थांच्या बाहीवर आलं. विजयमाला पुढं ड्रायव्हरपाशी नाक दाबून बसली होती. एकदाचं गाळणीपाशी पोचू दे, आपलं निर्मळ पाणी या लोकांच्या हातात देऊ दे, असं तिला झालं होतं. तेवढ्यासाठी हे तीन दिवस तिनं सोसले होते. आणि महिन्याभरात टोळ्या यायच्या होत्या. पाहुण्यांना काम पटलं तर कोप्यांपर्यंत नळ टाकायला मदत मिळेल, असं सर म्हणाले होते.

कारखान्याच्या फाटकात बस वळली आणि तिला वास आला. ब्लीचिंग पावडरीचा.

गाळणीच्या दाराला आंब्याची पानं आणि झेंडू. वाटेवर सडा, रांगोळी. हौदाच्या भिंती चुन्यानं पांढऱ्याफेक, वर गेरूचा पट्टा. कॉलनीतल्या बाया नवी लुगडी नेसून ओळीनं उभ्या, हात मागं लपवलेले. पुढं लंकाबाई, पदर डोक्यावरून, चेहरा कधी नव्हे तो फुललेला.

"बाई, बघा आता!" ती म्हणाली. "गाळनीचा दसरा काढला! गेल्या साली पान्यावाचून कुनाच्याच घरचा निघाला न्हवता. अवंदा म्हनलं, आदी हिचा काढायचा, मंग आपला. हिनं आमाला जगवलं."

"दोनी हौद, माले!" रंगुबाई पुढं झाली. "तू नगं म्हनली व्हतीस, पर ह्या बाया ऐकत्यात व्हय? मंग मीबी पदर खोचला. पार तळापसनं वाळू उपसली. स्टोरमधली पावडर घालून धा पान्यानं धुतली. हात बघ समद्यांचे, सालटी निघाली! रव्यावानी झाली का न्हाई?"

विजयमाला काठावर गेली. वाळू खरंच रव्यासारखी झाली होती. वर बोटभर पाणी, तळ लखलखीत, वळवळ नाही, डाग नाही, ओघळ नाही. लहानपणापासून तिला जग जसं हवं होतं अगदी तसं. आणि त्या स्वच्छपणाकडं बघताना तिच्या पोटातून जी कळ आली ती म्हशीच्या लाळेनंही कधी आली नव्हती. हे पाणी तलावाचं होतं, जसंच्या तसं. ज्या पाण्यानं लंकाबाईची पोर नेली होती, तेच पाणी, नवं लुगडं नेसलेलं.

पाहुण्यांनी टाळ्या वाजवल्या. "व्हेरी क्लीन!" असं चहूकडून झालं. फक्त डॉ. ब्राकमन वाकले, वाळूवर बोट फिरवलं, नाकाशी नेलं. मग त्यांनी विजयमालाकडं पाहिलं आणि नकाराची मान हलवली.

आप्पासाहेबांचं भाषण झालं. "ह्ये पानी आमच्या केमिस्टबाईंनी अमृत क्येलं," ते म्हणाले, आणि फोटोवाल्याला खूण केली. "आता पाव्हन्यांनी ते आमच्या लंकाबाईच्या हातनं घ्यावं. तिची लेक ह्याच तळ्याच्या पान्यानं गेली. आज ती सोता पाजनार."

लंकाबाईनं चिंचेनं घासलेला पितळी पेला तोटीखाली धरला. भरला. दोन्ही हातांवर घेऊन ती म्हाताऱ्या पाहुण्याकडं निघाली. तिच्या पापण्या भिजल्या होत्या. उरलेल्या बाया तांब्याभांडी घेऊन मागं.

विजयमालाला कळत होतं की गप्प बसलं तर सगळं निभावेल. पाहुणे दोन घोट पितील, फोटो निघेल, पोटं तर त्यांची आधीच बिघडलेली आहेत. पण पाहुणे गेल्यावर संध्याकाळी कॉलनी याच तोटीवर कळश्या भरील, आणि महिन्याभरानं कोप्या.

ती मधे आली. तिनं लंकाबाईच्या हातातून पेला घेतला आणि मातीत ओतला.

दुष्काळातून नुकतंच उठलेलं ते गाव. तिथं कोणी कोणासमोर पाणी ओतत नसे. बायांच्या तोंडून "अगं बाई!" निघालं. आप्पासाहेबांचा चेहरा काळाठिक्कर पडला.

"हे कोणी पिऊ नका," विजयमाला म्हणाली, आधी मराठीत, मग इंग्रजीत. "गाळणी बंद आहे." आणि तिनं तोटीचं चाक आवळलं.

"बाई!" आप्पासाहेब दातओठ खात म्हणाले. "जगासमोर आब्रू घालवता व्हय कारखान्याची?"

लंकाबाई मात्र मातीतल्या ओल्या डागाकडं बघत होती. "माझ्या हातचं हाय म्हनून टाकलं ना?" ती हळूच म्हणाली. "तुमाला समद्याची किळस येती, ठावं हाय मला. शेनाची येती, घानीची येती. माझीबी येत असंल असं न्हवतं वाटलं. कोयतेवालीचा हात तो."

"लंकाबाई, तसं नाही गं…"

"मंग कसं?"

सांगायला विजयमालाकडं मराठीत शब्दच नव्हते. तिनं कधी तयारच केले नव्हते. ती एवढंच म्हणाली, "ती घाण कुठं टाकलीस?"

"कोनची?"

"वाळूवरची. खरवडलेली."

"मागं, पेरूच्या झाडापाशी. पावडर घालायच्या आदीच बादल्यांनी निऊन टाकली. तुमच्या नजरंला पडू न्हाई म्हनून वर वलं गोनपाट टाकलं."

ओलं गोणपाट. म्हणजे आत अजून काही जिवंत असेल. विजयमाला धावतच मागं गेली. लंकाबाई मागोमाग, आणि तिच्या मागं रंगुबाई, बाया, फोटोवाला, डॉ. ब्राकमन. पेरूखाली ढीग होता. गोणपाट ओढताच भपका आला, वर माश्या उठल्या. वरचा थर काळा पडून सडला होता. विजयमालानं पदर नाकाला लावला. मग सोडला. बाह्या वर सारल्या आणि दोन्ही हात कोपरापर्यंत आत घातले.

गार, बुळबुळीत, मऊ, बोटांच्या बेचक्यांतून सरकणारं. काहीतरी मनगटावर वळवळलं. ती तशीच मागं वळून पेरूच्या बुंध्याशी भडाभडा ओकली. तोंड खांद्याला पुसलं आणि परत हात घातले. काळं बाजूला सारत सारत ती आत गेली. आतल्या पोटातली ओंजळभर हिरवी साय बाहेर काढली आणि जन्मात पहिल्यांदा ती नाकाशी नेली. श्वास रोखला नाही. मातीचा वास होता. रानातल्या, पाला कुजलेल्या, ओल्या मातीचा.

"जित्ती आहे," ती म्हणाली. घाईत तिच्या तोंडून घोडेगावची भाषा निघाली. "लंकाबाई, ही जित्ती असते. पाण्यातली रोगराई ही खाते. वाळू नाही खात. ही जी घाण आहे ना, हिनंच पोरं वाचवली."

लंकाबाईनं त्या ओंजळीत वाकून बघितलं. मग खाली बसली. "मंग मी मारली का वं तिला?"

"मी तुला सांगितलंच नव्हतं. घाण म्हणाले. घाण म्हटल्यावर तू काढणारच की."

लंकाबाईनं नवं लुगडं गुडघ्यावर खोचलं आणि हात आत घातले. "काळं न्हाई ना घ्यायचं? नुसतं हिरवं?"

"हिरवं. आणि घमेली आण. गार पाण्याची."

रंगुबाई आतापर्यंत तोंडाला पदर लावून उभी होती. "शेनाला हात न लावनारी माझी पोर," ती म्हणाली, "आन् ह्यात हात घालती!" पण पुढं आली आणि सालटी गेलेल्या हातांनी चाळू लागली. डॉ. ब्राकमन ढिगावर ओणवे झाले, खोल श्वास घेतला, डोळे मिटून मान डोलावली, काहीतरी चांगलं बोलायला तोंड उघडलं, आणि तसेच पोट धरून एरंडाच्या शोधात पळाले.

पाहुण्यांची बस लवकरच गेली. नळासाठी मदत वगैरे काही आली नाही. आप्पासाहेब तिच्याशी कितीतरी दिवस बोलले नाहीत, पण पाणी उकळायला जळण म्हणून उसाची चिपाडं द्यावी लागतील हे मात्र त्यांनी मुकाट्यानं मान्य केलं. धुतलेली वाळू कितीतरी वेळा साध्या पाण्यानं खंगाळली, पावडरीचा वास जाईपर्यंत. मग ओंजळी ओंजळीनं साय पसरली. लंकाबाई दारोदार फिरली. "गाळनी बाळंतीन हाय, तिचं पानी घ्यायचं न्हाई, उकळून प्या," असं तिनंच आपल्या मनानं सांगितलं, आणि बायांना ते विजयमालाच्या सगळ्या शास्त्रापेक्षा लवकर कळलं.

दिवाळी तोंडावर आली. टोळ्यांच्या बैलगाड्यांची घुंगरं रस्त्यावर वाजू लागली. तळ्याकाठी पाचटाची पहिली कोपी उभी राहिली, तिच्यापुढं एक नागडं पोर धुळीत खेळत होतं. बशीत जंतू वाढवून केलेली पाण्याची तपासणी दोन दिवस सलग चांगली येत होती. तरी विजयमालाचं मन भरेना. ती हौदात उतरली, चमचा न घेता. पाण्याखाली हात घालून वाळूवर बोट फिरवलं.

बोट घसरलं. बुळबुळीत, शेंबडासारखं. बोट वर काढलं तर त्याला एक हिरवी तार लागून आली, तिच्या टोकाशी काहीतरी केसाएवढं वळवळत होतं. तिनं ते नाकाशी नेलं. ओल्या मातीचाच वास, तरी पोटातून मोठी ओकारी वर आली. तिनं कसंबसं तोंड दाबलं. डोळ्यांत पाणी आलं.

काठावर लंकाबाई घमेलं घेऊन उभी होती. "आली का वकारी?"

"आली," विजयमाला म्हणाली.

"मंग उगडा की तोटी."